तळ्याबद्दल गावाचं म्हणणं

बायको गेली त्या वर्षी मी लांबची शाळा मागून घेतली. महाडात आमच्या आळीत प्रत्येक दारात मला कुणी ना कुणी थांबवायचं, हळहळायचं, आणि दुसऱ्याच वाक्यात एखाद्या मुलीचं नाव काढायचं. मला ते सोसेना. कचेरीत अर्ज दिला, तेव्हा कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "पोलादपूरच्या वरची शाळा आहे. कापडे गावाच्या पुढं, डोंगरात. तिथं कुणी टिकत नाही." मी म्हटलं, चालेल.

पोलादपुरापर्यंत मोटार होती. पुढे पायवाट. एक ट्रंक, एक वळकटी आणि पितळेचा तांब्या घेऊन मी त्या गावात गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. शाळा भैरीच्या देवळाच्या मंडपात भरायची. मंडपाला लागून एक खोली होती, ती माझी. गावातले निम्मे पुरुष मुंबईला गिरण्यांत आणि गोदीत; घरी बाया, म्हातारे आणि मुलं. संध्याकाळी सगळे आपापल्या घरात शिरले की बोलायला कुणी उरत नसे. मग मी तळ्यावर जाऊन बसायचो.

तळं गावाच्या वरच्या अंगाला होतं. तीन बाजूंनी डोंगराचा उतार आणि चौथ्या बाजूला दगडांचा जुना बांध. बांधाला मधोमध भेग पडलेली. पावसाळ्यात तळं काठोकाठ भरायचं, पण त्या भेगेतून दिवसरात्र पाणी झिरपत राहायचं आणि माघ सरता सरता तळाचा गाळ वर दिसू लागायचा. चैत्रात बायका गुडघाभर चिखलात उतरून कळशी तिरपी करायच्या. घरी नेलेलं पाणी दुपारपर्यंत तसंच ठेवायचं, गाळ खाली बसला की वरचं फडक्यातून गाळायचं. माझ्यासाठी दोन कळशा पाणी पाटलांच्या घरून यायचं. पाटलांनीच तशी व्यवस्था लावून दिली होती. भला माणूस. पहिल्या वर्षी मला ताप भरला तेव्हा आठ दिवस स्वतः पेजेचा तांब्या घेऊन यायचे आणि मी पिईपर्यंत उंबऱ्यात बसून राहायचे.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी, थंडी सुरू होण्याच्या सुमारास, तालुक्याच्या कचेरीतून मला एक पत्र आलं. गावच्या तळ्याची दुरुस्ती करावी, की ते तसंच सोडून विहीर खणावी, की आणखी काही, याबद्दल लोकांचं म्हणणं काय आहे, ते घरोघर विचारून, प्रत्येक घराचं वेगळं लिहून पाठवावं. असलं पत्र पूर्वी कधी आलं नव्हतं. मला मनापासून आनंद झाला. कारण लोकांच्या घरात जाऊन बसायला मला एक निमित्त मिळालं होतं.

शाळा सुटली की मी वही आणि टाक-दौत घेऊन निघायचो. लोक मोकळेपणानं बोलायचे. इतके दिवस जो मास्तर नुसता "काय, बरंय ना" म्हणून पुढं जायचा, तो ओटीवर बसून त्यांचं बोलणं लिहून घेतोय, याचं त्यांना अप्रूप वाटायचं. एका घरात गिरणीतून रजेवर आलेला माणूस होता. तो म्हणाला, "मास्तर, तळंबिळं आता जुनं झालं. मुंबईत भिंतीतनं पानी येतं. पितळेची चावी फिरवायची. तळ्यावर खर्च करून काय उपेग?" त्याची आई चुलीपाशी होती. ती आतून म्हणाली, "मंग आन की तुजी चावी. कोनच्या भिंतीत बशिवतोस?" सगळे हसले. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी मी चार माणसांत हसत होतो.

तळ्याच्या अगदी जवळ एका म्हातारीचं घर होतं. तिला सगळे आजी म्हणायचे. नवरा आणि दोन्ही मुलगे गेलेले, घरात एकटीच. तळ्याच्या पायऱ्या ती झाडायची, शेवाळ खरवडायची, पाण्यात पडलेली पानं काठीनं ओढून काढायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "आजी, तळ्याचं काय करावं?" तिनं हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझे दोन पोरगे या पान्यावर मोठे झाले. त्यांना न्हायला घातलं ह्याच पान्यानं, आनि शेवटी तोंडात घातलं त्ये बी ह्याच. दुसरं काय लिवशील?" मी ते तसंच्या तसं लिहिलं.

एका घरी नवी सून होती. सासूसमोर तिनं मान खाली घातली आणि एक अक्षर बोलली नाही. सासूनं सांगितलं, विहीर हवी, दाराजवळ हवी. दुसऱ्या दिवशी मी बांधावर बसलो होतो. ती कळशी भरून वर आली आणि न थांबता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मास्तर, विहीर दारात नका आनू. हितं येते म्हनून चार बायका भेटतात. घरात कोन बोलतं?" मी मागं वळून पाहिलं तोवर ती वळणापलीकडं गेली होती. तिचं म्हणणं कुठल्या घराखाली लिहावं ते मला कळेना. शेवटी सासूच्या म्हणण्याखाली एक ओळ घातली: घरातील एका व्यक्तीचे मत निराळे.

पाटील म्हणाले, "तळं म्हंजे गावाची अब्रू. लिवा, दुरुस्ती पायजे. बांध पक्का पायजे."

पंधरा-वीस दिवसांत वही भरली. एका सकाळी मी ती पहिल्यापासून वाचून काढली आणि कचेरीचं पत्र पुन्हा उघडलं. 'प्रत्येक घराचे' असं त्यात लिहिलं होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की खालच्या वाडीतल्या एकाही घरी मी गेलो नव्हतो.

खालची वाडी म्हणजे महारवाडा. ओढ्याच्या पलीकडं दहा-अकरा घरं. मला तिथं जाऊ नको, असं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनातच ती घरं आली नव्हती. दोन वर्षं मी तळ्याचं पाणी पीत होतो, आणि ती माणसं कुठलं पाणी पितात हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. हे लिहिताना आजही मान खाली जाते. आणि महाडात तळ्यावरून जे झालं त्याला तेव्हा फार वर्षं लोटली नव्हती. ते दिवस मी महाडात राहून पाहिले होते. आमच्या आळीत दारं लावून लोक काय काय बोलत होते ते ऐकलं होतं. तरीही नाही.

त्याच दुपारी मी ओढा ओलांडला. फणसाखाली एक साठीचा माणूस सुंभ वळत बसला होता. पलटणीतला पेन्शनर. मोठ्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला. मला पाहून तो उठला. घोंगडं झटकलं, अंथरलं, आणि मग म्हणाला, "बसनार काय मास्तर?" मी बसलो. हळूहळू माणसं जमली, पण दूर उभी राहिली.

मी पत्र वाचून दाखवलं. तळ्याचं काय करावं, तुमचं म्हणणं काय? मग मागून एक बाई म्हणाली, "आमच्या गुरांना इचारा मास्तर. ती जातात तळ्यावर. त्यांना ठावं आसंल कसं हाय त्ये. आमाला काय ठावं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरं तेच तिनं सांगितलं. गुरं तळ्यावर जात, माणसांना बंदी होती. तिनंच मग मला त्यांचं पाणी दाखवलं. ओढ्याच्या पात्रात वाळू उकरून केलेला हातभर खोल खड्डा. त्यात पाणी पाझरेल तसं करवंटीनं मडक्यात भरायचं. एक मडकं भरायला किती वेळ लागतो ते तिनं सांगितलं नाही. मी उभा राहून पाहिलं. ते भरायच्या आधीच माझे पाय अवघडले.

परत फणसाखाली आलो तेव्हा पेन्शनर म्हणाला, "लिवा. तळं ऱ्हावं. दुरुस्त व्हावं. आनि आमाला येक पायरी मिळावी."

"एक पायरी?"

"येकच. कोपऱ्यातली. बाकी सगळ्या तुमच्या." मग तो थोडा हसला. "पन मास्तर, ह्ये वाचनार कोन?"

मी म्हटलं, "कचेरीत वाचतील." माझा स्वतःचा त्यावर किती विश्वास होता, देव जाणे.

वही पाठवण्याआधी पाटलांना दाखवायची होती. त्यांची सही लागणार होती. त्यांना वाचता फार येत नसे, म्हणून मीच वाचून दाखवली. आजीचं म्हणणं ऐकून त्यांनी डोळे पुसले. मुंबईवाल्याच्या चावीवर हसले. खालच्या वाडीचं आलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"ही वाडी कुठनं आली ह्याच्यात?"

"पत्रात प्रत्येक घर म्हटलंय."

"आमचं घर म्हंजे गाव. वाडी म्हंजे वाडी." ते शांतपणे बोलत होते. "महाडात काय झालं ठाऊक हाय ना तुमाला? तुमी तितलेच."

"ठाऊक आहे."

"मंग ती पानं काढा. दुसरं लिवून आना. मी सही करतो."

मी खोलीवर आलो आणि दुसरी प्रत लिहायला बसलो. हे मी लपवणार नाही. सबंध रविवार बसून मी खालच्या वाडीची पानं गाळून स्वच्छ प्रत लिहिली. अक्षर सुंदर आलं होतं. संध्याकाळी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. मला पेजेचा तांब्या आठवत होता, आणि ते मडकंही आठवत होतं. पाटील म्हणजे त्या गावात माझं जे काही होतं ते. त्यांना दुखवलं तर मला कोण उरणार होतं?

सोमवारी शाळेला सुट्टी दिली, पोलादपुराला उतरलो, मोटारीनं महाडला गेलो आणि पहिली वही, पाटलांच्या सहीशिवाय, कचेरीत देऊन आलो. दुसरी प्रत वाटेत सावित्री नदीत सोडली. कचेरीतल्या कारकुनानं वही उघडलीसुद्धा नाही. पोच दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

गावात कळायला दोन दिवस लागले. कुणी भांडलं नाही. पाणी येत राहिलं, मुलंही येत राहिली. पण पाटील मंडपाच्या बाजूनं जायचे बंद झाले. ओट्यांवर मी दिसलो की बोलणं थांबायचं. "या मास्तर, बसा" हे शब्द मी त्यानंतर त्या गावात ऐकले नाहीत. आधीही मी एकटाच होतो, पण ते एकटेपण मी स्वतः मागून घेतलेलं होतं. हे निराळं होतं. संध्याकाळी तळ्यावर जाऊन बसलो की बायका कळशा घेऊन वरच थांबायच्या, मी उठेपर्यंत. ते लक्षात आल्यावर मी तळ्यावर जाणंही सोडलं.

उत्तर यायला वर्ष उलटलं. पाटलांनी शिपायाकरवी निरोप धाडला, मंडपात गाव जमवलं आणि मला ते पत्र वाचायला लावलं. दुरुस्ती मंजूर झाली होती. बांध नव्यानं घालायचा, गाळ काढायचा, पायऱ्या बांधायच्या. लोक एकमेकांकडं पाहून माना डोलवत होते. मग शेवटचा परिच्छेद आला. काम सरकारी खर्चानं होणार असल्यानं तळं सर्व जातींच्या लोकांना सारखंच खुलं राहील, असं गावानं आधी लिहून द्यावं.

पाटलांनी मला ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

"बोला," पाटील म्हणाले.

पुरुष पाटलांकडंच पाहत होते. बायका खांबांच्या मागं बसल्या होत्या. तिथून आजीचा आवाज आला. "नको."

पाटलांनी वळून पाहिलं. "आजी, बांध जाईल. औंदा नाय तर पुढच्या पावसात जाईल."

"जाऊ दे," आजी म्हणाली. ती रडत होती. "मोडू दे."

त्या तळ्यावर तिच्याइतका जीव दुसऱ्या कुणाचाही नव्हता. तिनं सांगितल्यावर इतरांचं काम सोपं झालं. नकाराचा कागद मीच लिहिला, कारण लिहिता येणारा मीच होतो. एकेक जण येऊन अंगठा उठवून गेला. नवी सून बाहेर आवारात उभी होती. ती अंगठ्यांकडं पाहत होती. तिला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याच थंडीत खालच्या वाडीनं विहीर खणायला घेतली. जागा पेन्शनरच्या परड्यातली. वाडीचे मुंबईतले लोक पाळीपाळीनं रजा काढून यायचे आणि खणायचे. खाली काळा पाषाण होता. शाळेत मुलं पाढे म्हणायची तेव्हा त्यांच्या आवाजाखालून पहारीचे ठोके ऐकू यायचे. गावात त्याबद्दल कुणी बोलत नसे. जणू ते ठोके कुणाला ऐकूच येत नव्हते.

चैत्रात एका दुपारी पेन्शनर ओढ्याच्या अल्याड येऊन उभा राहिला आणि त्यानं मला हाक मारली. "मास्तर, पानी लागलं. तुमी पयल्यांदा इचारायला आल्याला. येता काय?"

मी गेलो. विहिरीभोवती सगळी वाडी होती. खडकाच्या चिरेतून पाणी येत होतं, जेमतेम गुडघाभर साचलं होतं, गढूळ होतं. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग गुरांना विचारा म्हणणाऱ्या त्या बाईनं तांब्या भरून माझ्यासमोर धरला. सगळे बघत होते.

मी हात पुढं केला आणि माझा हात मध्येच थांबला. फार तर एका श्वासाइतकाच. माझी आई, आमची आळी, काय काय त्या क्षणात माझ्या आत उभं राहिलं ते मला सांगता येणार नाही. मग मी तांब्या घेतला आणि प्यालो. पण माझा हात थांबलेला तिनं पाहिला होता. तिनं तांब्या परत घेतला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "बरं झालं आलात." पेन्शनर दुसरीकडं पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या घरून पाणी आलं नाही. शाळेत एकही मूल आलं नाही. मी घंटा दिली, हजेरीपट उघडला, रिकाम्या मंडपात थोडा वेळ बसलो आणि बंद केला. तळ्यावर गेलो तर बांधावर दोघे जण उभे होते. त्यांपैकी एक म्हणाला, "मास्तर, तुमचं पानी आता खाली." मी परत फिरलो.

पुढचा महिना-दीड महिना मी खालच्या विहिरीचं पाणी भरलं. वाडीनं मला कधी नाही म्हटलं नाही. मी गेलो की बायका बाजूला व्हायच्या, आधी मला भरू द्यायच्या. तो मान होता की अंतर, हे मला कधीच उलगडलं नाही. मी थांबून बोलायचा प्रयत्न करायचो; ते उत्तर द्यायचे, आणि मी निघायची वाट पाहायचे. त्यांच्या दृष्टीनं मी वरचाच होतो. गावाच्या दृष्टीनं खालचा झालो होतो. ओढ्याच्या दोन्ही काठांवर मला बसायला जागा नव्हती. दिवसेंदिवस मी कुणाशी चार शब्दांच्या वर बोललो नाही. कधी कधी खोलीत पाढे मोठ्यानं म्हणायचो, आपला आवाज शाबूत आहे ना बघायला.

मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. शाळेत मुलं नाहीत, असं कारण दिलं होतं. निघताना पेन्शनर पोलादपुरापर्यंत माझी ट्रंक डोक्यावर घेऊन आला. मी नको म्हणत होतो. वाटेत तो बसऱ्याच्या गोष्टी सांगत राहिला. तिथं एकाच टाकीतून सगळी पलटण पाणी प्यायची, म्हणाला. मोटारीत ट्रंक चढवल्यावर त्यानं कडक सलाम ठोकला आणि आला तसा परत गेला.

तीनेक वर्षांनी मी नाते गावच्या शाळेत होतो. बाजाराला महाडात आलो होतो, आणि एका दुकानासमोर पाटील दिसले. म्हातारे झाले होते. दोघंही थांबलो. मला वाटलं ते पाठ फिरवतील, पण त्यांनी हात जोडले. "बरे हाय ना मास्तर?"

"बरा आहे. गाव?"

"हाय. आजी गेली गेल्या साली." "बांध फुटला. मोठा पाऊस झाला, सगळं वाहून गेलं. आता तितं भात लावतो. गाळाची जमीन, पीक बेस येतं."

"आणि पाणी?"

"बायका ओढ्यावर जातात. वाळू उकरतात."

त्यांनी दुकानदाराकडून पुडा घेतला आणि बगलेत धरला. खालच्या विहिरीचं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मग ते म्हणाले, "मोटार सुटंल," आणि गर्दीत शिरले.